गौरीला काय सांगायचं

आश्विन सरत आला की कान्हे फाट्यावरून टाकव्याकडं निघालेल्या जीपमध्ये मी कडेची जागा धरून बसते. सोबतच्या बायका हसतात, म्हणतात, हिला धूळ खायची हौस. मला वास हवा असतो. कंपन्यांच्या भिंती मागं पडल्या आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना खाचरं दिसायला लागली की तो येतो. इंद्रायणीचं पीक पिवळं पडलं की कुणी मोठ्या पातेल्यात भात शिजत ठेवल्यासारखा सगळा आंदर मावळ दरवळतो. मुंबई-पुण्याचे लोक गाड्या थांबवून विचारतात, हा वास कशाचा हो? सांगितलं की खोल श्वास घेतात, फोटो काढतात आणि पुढं जातात. श्वास मीही घेते. माझ्या छातीत मात्र त्या वासाबरोबर एक वर्ष येऊन बसतं, आणि टाकवं आलं तरी उठत नाही.

माझं सासर वलवणला. धरणापासून जवळच माझं शिवणकामाचं दुकान आहे. पावसाळाभर आमच्याकडं धुकं असं दाटतं की कापायला घेतलेलं कापडसुद्धा दमट लागतं. पाऊस हटतो तेव्हा दिवाळीच्या ब्लाउजांची घाई असते, आणि नेमकी तेव्हाच मी दुकानाला कुलूप लावून माहेरी कापणीला जाते. गिऱ्हाइकं कुरकुरतात. नव्या बायका विचारतात, अहो, एवढं काय अडतं तुमच्यावाचून? जुन्या विचारत नाहीत. त्यांना ठाऊक आहे की त्या वर्षापासून मी एकही कापणी चुकवलेली नाही.

माझा धाकटा भाऊ दत्ता टाकव्याच्याच एका कंपनीत कामाला होता. शिफ्ट सुटली की घरी न येता आधी खाचरांवर जायचा. पॅंट गुडघ्यापर्यंत वर दुमडून बांधावर उभा राहायचा आणि पाण्याची वाट कुठं फुटलीय ते बघायचा. आईला इंद्रायणीचा भात चिकट लागतो म्हणून एका कोपऱ्यातल्या खाचरात तिच्यापुरता जाडा तांबडा भात लावायचा. नकला छान करायचा. जीपवाल्याची करायचा, सरपंचाची करायचा, माझ्या नवऱ्याची तर त्याच्या तोंडावर करायचा. त्याची बायको रेखा तेव्हा पदर तोंडाला लावून हसायची आणि मुलगी गौरी, जेमतेम चौथीतली, त्याच्या पाठीवर चढून बसायची.

त्या वर्षी उन्हाळ्यापासून त्याच्या नकला बंद झाल्या होत्या. झोप येत नाही म्हणायचा. जेवताना घास हातात धरून बसायचा. रेखानं दोनदा दवाखान्यात नेलं. अशक्तपणा आहे म्हणून तिथं सलाईन लावली. कामाचा ताण असेल, असं आम्ही सगळेच म्हणालो. त्याहून वेगळं काही म्हणायला आमच्याकडं शब्दच नव्हता. गणपती उठले, आणि त्यानंतर काही दिवसांनी दत्तानं स्वतःचा जीव घेतला.

कुठं, कसा, ते मी लिहिणार नाही. त्या दिवसांत घरी आलेल्या प्रत्येकानं तेवढंच विचारलं होतं. उंबऱ्याच्या आत पाय ठेवला की आधी कसं झालं, मग का झालं. म्हातारं माणूस गेलं की लोक त्याच्या आठवणी काढतात; कुणी म्हणतं हातात गुण होता, कुणी म्हणतं जीभ तिखट होती पण मन मऊ होतं. दत्ताबद्दल असं कुणी बोललं नाही. त्याच्या शेवटच्या दिवसानं त्याचं आधीचं सगळं आयुष्य पुसून टाकलं होतं. लोक बसायचे, चहाला नको म्हणायचे आणि लवकर उठायचे. दहावं झालं, तेरावं झालं, आणि आमच्या दारात यायला कुणाला काही निमित्तच उरलं नाही.

आत घरात तीन बाया होत्या आणि तिघी तीन दिशांना तोंड करून बसलेल्या. आई चुलीकडं, रेखा मागच्या खोलीत आणि गौरी रेखाच्या पदराशी. आई रेखाशी बोलत नव्हती. काही हवं असलं तर गौरीला हाक मारायची, किंवा मी गेलेली असले तर मला. आलेल्या बायकांशी बोलताना मात्र रेखाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायची की घरातल्या बाईचं ध्यान असतं तर माझं लेकरू गेलं नसतं. बायका मान हलवायच्या. त्यांच्याकडून ते वाक्य पाणवठ्यावर गेलं, रेशनच्या दुकानात गेलं, आणि दुपटीनं मोठं होऊन परत आलं. रेखाचं माहेर पवनानगरकडं. तिचा भाऊ तिला न्यायला आला तेव्हा ती गेली नाही. मला म्हणाली, ताई, आत्ता गेले तर लोक म्हणतील खरंच होतं म्हणून पळाली.

गौरीला आम्ही सांगितलं होतं की पप्पांच्या छातीत दुखलं आणि ते देवाघरी गेले. कुणी ठरवलं ते आठवत नाही. पहिल्याच दिवशी कुणीतरी पटकन बोललं आणि तेच चालू राहिलं. तिनं काही विचारलं नाही. शाळेत जायला लागली. पण दिवाळीच्या सुट्टीआधी मी गेले तेव्हा मला दिसलं की ती रेखाला एकटं सोडत नाही. रेखा मोरीत गेली की ही बाहेर पायरीवर बसायची आणि आतून कडी लावू द्यायची नाही. रेखा अंगण झाडायला उठली की हातातला घास टाकून मागं जायची. आई म्हणाली, बाप गेल्यामुळं पोर भ्याली आहे, होईल हळूहळू. मला ते नुसतं भिणं वाटलं नाही. ती पोर राखण करत होती.

आणि बाहेर भात पिकून उभा होता. दत्तानं जूनमध्ये पेरलेला, रेखाबरोबर चिखलात उभं राहून लावलेला. आमच्याकडं कापणी सावडीनं होते, म्हणजे आज सगळ्यांनी तुमच्या शेतात, उद्या तुम्ही माझ्या. त्या वर्षी आमच्या सावडीचं कुणी नावच काढेना. शेजारची खाचरं मोकळी झाली, तिथं म्हशी चरायला लागल्या, आणि मधोमध आमचा पिवळा तुकडा तसाच.

चांगुणामावशी आली ती अशा वेळी. ती डोंगराच्या अंगाला असलेल्या ठाकरवाडीची. दरवर्षी तिथली चार माणसं घेऊन ती आमच्या कापणीला यायची. आईहून थोडी लहान, काटक, बोलायला कमी. तिनं अंगणात विळा टेकवला, आईकडं बघितलं, मागच्या खोलीच्या दाराकडं बघितलं, आणि म्हणाली की भात आता थांबायचा न्हाई, लोंब्या गळाय लागल्यात. आई म्हणाली, कुणासाठी कापायचा? दुसऱ्या दिवशी सकाळी दव असतानाच चांगुणामावशी माणसं घेऊन खाचरात उतरली आणि मग आम्हाला घरात बसणं जमेना. मी गेले. थोड्या वेळानं पाहते तर रेखा डोक्याला फडकं बांधून बांधावरून येत होती. गौरी शाळेत होती. सुटी पडायला अजून अवकाश होता.

कापणीच्या ओळीत एक बरं असतं. सगळ्यांच्या पाठी वाकलेल्या आणि नजरा खाली असतात. शेजारी माणूस असतो, त्याचा श्वास ऐकू येतो, पण त्याच्या तोंडाकडं बघावं लागत नाही. विळा भाताच्या बुडाला लागला की खर्र असा आवाज होतो, मूठ डाव्या हाताला पडते, पाऊल पुढं. त्या आवाजात बोललेलं शेजारणीपुरतंच राहतं. चांगुणामावशी माझ्या आणि रेखाच्या मध्ये होती. बराच वेळ कापल्यावर ती आपल्या पोराबद्दल बोलायला लागली. मला ठाऊक नव्हतं की तिला एवढा मोठा मुलगा होता. वीटभट्टीवर कामाला होता, लग्न ठरत आलं होतं, आणि त्यानं असंच केलं. वाडीतल्या लोकांनी त्याचं नाव घ्यायचं सोडलं, तिच्याकडचं पाणी पिताना लोक विचार करायला लागले. ती म्हणाली की तेव्हा तिच्याही मनात रोज आपणही जावं असं यायचं, पण तिला कुणी विचारलंच नाही, आणि विचारलं नाही म्हणून तिनं सांगितलं नाही.

मग हात न थांबवता तिनं रेखाला विचारलं, “तुझ्या मनात येतं का, पोरी? आपूनबी जावं आसं?”

माझा विळा थांबला. असलं कुणी विचारतं का, असं मला वाटलं. नसलं तर मनात भरेल तिच्या, असंही वाटलं. रेखाचा हात आणखी दोन मुठी चालला आणि मग तीही थांबली.

“येतं,” ती म्हणाली. “रोज येतं. गौरी दारात बसलेली आसती म्हणून ऱ्हायलेय.”

चांगुणामावशीनं हाय खाल्ली नाही, की लेकराकडं बघ, असं वेडं बोलू नको, असलंही काही म्हणाली नाही. विळा खाली ठेवला आणि तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, “बरं केलंस सांगितलंस. आता तू येकटी ऱ्हायची न्हाईस. ही गोष्ट आपल्या तिघींची.” रेखा तिथंच कापलेल्या मुठींवर खाली बसली. दत्ता गेल्यापासून मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ती खूप वेळ रडली आणि चांगुणामावशी तिच्याशेजारी नुसती बसून राहिली. वाडीची माणसं ओळ पुढं नेत होती. कुणी वळून बघितलं नाही, आणि ते न बघणं मला त्या दिवशी फार मायेचं वाटलं.

विचारल्यानं माणसाच्या मनात तो विचार शिरत नाही, तो असतोच, आणि विचारल्यानं त्याला बाहेर यायला दार मिळतं, हे मला पुढं डॉक्टरांनी सांगितलं. ते मी त्या खाचरात आधीच पाहिलं होतं.

गावातली आशाताई मंगल आमच्याच आळीत राहते. बाळंतिणी, डोस, ताप, सगळं तिच्याकडं. त्याच दुपारी आम्ही तिच्याकडं गेलो. तिनं रेखाला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं, मीही सोबत गेले. तिथं ठरावीक दिवशी मनाचे डॉक्टर येतात. डॉक्टरांनी रेखाला घाई न करता बोलू दिलं, गोळ्या दिल्या, पुन्हा बोलावलं. सरकारच्या फुकट फोनचा नंबरही दिला. एकटं वाटलं की कुठल्याही वेळी लावा म्हणाले. मंगलनं आमच्या घरातली शेतीची सगळी औषधं उचलून आपल्या घरी कुलपात ठेवली. रेखाला एकटं सोडायचं नाही म्हणून आळीतल्या दोघीतिघींना सांगून ठेवलं. त्या वाटाणे, लसूण, निवडायची भाजी असं काहीतरी पदरात घेऊन यायच्या आणि रेखाशेजारी बसायच्या. बोलायलाच हवं असं नव्हतं.

तालुक्याहून परत येताना जीपमध्ये मंगलनं मला विचारलं की गौरीला काय माहीत आहे? मी सांगितलं, छातीत दुखल्याचं. ती म्हणाली, “ताई, तिला खरं माहीत आहे. शाळेत कुणीतरी बोललंच असणार. ती कडी का लावू देत नाही, याचा विचार करा ना.”

ती चिमुरडी पोर रोज पायरीवर कशासाठी बसत होती ते मला तेव्हा कळलं.

मंगलचं म्हणणं असं की गौरीला खरं सांगायचं, तिच्या वयाला झेपेल असं, आणि घरच्या माणसानं सांगायचं. आईनं ते ऐकलं आणि ती भडकली. लेकराला असलं सांगतात व्हय, म्हणाली. मोठी झाल्यावर कळंल तवा कळंल. मंगल म्हणाली की आजी, तिला कळलंय. फक्त तिला अजून कुणी सांगितलेलं नाही. आणि नुसतं आपण सांगून भागणार नाही, कारण ती घरात एक ऐकेल, शाळेत दुसरं आणि पाणवठ्यावर तिसरं. मग ती कुणावरच विश्वास ठेवणार नाही.

झोडणीच्या दिवशी मंगलनं आळीतल्या बायकांना आमच्या खळ्यावर बोलावलं. सावडीचं निमित्त केलं. बायका आल्या. काही ओशाळलेल्या होत्या, काहींना काय चाललंय ते बघायचं होतं. पेंढ्या झोडून झाल्या, भाताची रास लागली, सगळ्या घाम पुसत पेंढ्यावर टेकल्या. तेव्हा मंगलनं विचारलं, “गौरी उद्या तुमच्या दारात आली आणि म्हणाली, माझे पप्पा कशानं गेले, तर काय सांगाल?”

एक म्हणाली, देवानं नेलं म्हणीन. दुसरी म्हणाली, अपघात म्हणावा, काय बिघडतं? भागूबाई नावाची थोराड बाई होती, ती म्हणाली की मी तर दारच लावून घेईन बाई, माझ्या तोंडून निघायचं न्हाई. त्यावर थोडं हसूही आलं. चांगुणामावशी कडेला बसून होती. ती म्हणाली की माझ्या नातवाला, लेकीच्या पोराला, त्याच्या मामाबद्दल प्रत्येकानं वेगळं सांगितलं, आता त्यो कुणाचंच खरं मानत न्हाई.

मग त्या बायकांनी वाक्य बांधायला घेतलं. अगदी रांगोळी काढतात तसं, एकीनं टिंब द्यायचं, दुसरीनं रेघ. जीव दिला म्हणायचं की घेतला? वेड लागलं होतं म्हणायचं का? नको, वेड नको, पोरगी भिईल. आजार म्हणा. कसला आजार? मनाचा. कुणाचा दोष होता का, हे ती विचारणारच, ते आधीच सांगून टाकावं. असं करत करत जे ठरलं ते एवढंच होतं: तुझ्या पप्पांच्या मनाला आजार झाला होता, त्या आजारात त्यांनी स्वतःचा जीव घेतला, यात तुझा दोष नाही आणि तुझ्या मम्मीचाही नाही.

शेवटचे शब्द भागूबाईनंच म्हटले. म्हटल्यावर तिच्या ध्यानात आलं असावं, ती थबकली. सगळ्यांच्या नजरा आईकडं गेल्या. आई राशीपाशी बसली होती. तिनं पदर झटकला, उठली आणि कुणाशी न बोलता घराकडं चालायला लागली. ते वाक्य म्हणणं म्हणजे महिनाभर आपण पाणवठ्यावर जे बोललो ते परत घेणं आहे, हे त्या खळ्यावरच्या प्रत्येकीला कळलं होतं. बाकीच्यांनी ते परत घेतलं. आईचं तसं नव्हतं. तिनं तो राग सोडला असता तर तिच्या हाती दत्ताचं जाणं तेवढं उरलं असतं.

गौरीला रेखानं सांगितलं. रविवारची दुपार होती, खळ्यावर पेंढा पसरलेला, ऊन कललेलं. मी शेजारी होते. रेखानं तिला मांडीवर घेतलं नाही, समोर बसवलं, आणि ठरलेलं सगळं सावकाश बोलली. गौरी पेंढ्याची काडी मोडत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली की मला माहीत होतं, वर्गातली एक मुलगी बोलली होती.

मग तिनं विचारलं, “आपण त्यांना आवडत नव्हतो का?”

रेखा म्हणाली की लय आवडायचो. पण त्या आजारात माणसाला आपल्या माणसांचं प्रेम दिसत नाही, धुक्यात समोरचा रस्ता दिसत नाही तसं.

गौरीनं आणखी एक काडी मोडली. “तुला पण झालाय का तो आजार?”

या प्रश्नाची तयारी आम्ही केली नव्हती. मी रेखाकडं बघितलं. नाही म्हणणं किती सोपं होतं. रेखा म्हणाली, “मला बी थोडा झालाय. पण मी सांगितलंय. डॉक्टरांना, चांगुणामावशीला, मंगलताईला. मी गोळ्या घेते. जास्त वाटलं की परत सांगणार. माझ्यावर तू नको ध्यान ठेवूस, त्याला मोठी माणसं हायेत. तू खेळायला जा.”

ती खेळायला गेली नाही. उठली, फ्रॉक झटकला आणि आळीकडं चालायला लागली. मी थोडं अंतर ठेवून मागं गेले. पहिल्या घरापाशी ती थांबली आणि उंबऱ्याबाहेरूनच विचारलं, काकू, माझे पप्पा कशानं गेले? काकूच्या हातातली कणिक तशीच राहिली. पण तिनं सांगितलं, ठरलेलं सगळं. गौरीनं मान हलवली आणि पुढच्या घराकडं गेली. तिथं तेच विचारलं. पोर अख्खी आळी तपासायला निघाली होती.

भागूबाईनं दार लावून घेतलं नाही. तिनं गौरीला ओट्यावर बसवलं, वाक्य पूर्ण म्हटलं, आणि वर म्हणाली की तुझ्या बापानं माझी म्हैस चिखलातून काढलीती, पोरांना गोळा करून, गाणं म्हणत. एका घरी म्हातारी गडबडली आणि देवाची मर्जी म्हणाली, तर गौरीनंच तिला सांगितलं की नाही, मनाचा आजार. गिरणीवाले आबा खळ्यावर नव्हते, पण त्यांच्या बायकोनं त्यांना सांगितलं असणार. गौरी दारात उभी दिसताच त्यांनी गिरणी बंद केली. पिठानं पांढरे झालेले हात पुसत बाहेर आले आणि तिच्यासमोर उकिडवे बसून एकेक शब्द बोलले. मग म्हणाले, माझी नक्कल लय भारी करायचा गं तुझा बा. आन मी समोर आसलो तरी थांबायचा न्हाई. गौरी हसली. दत्ता गेल्यापासून गावात कुणी तो जिवंत असतानाचा उल्लेख केला नव्हता. त्या एका दुपारी तो घराघरातून थोडा थोडा बाहेर येत होता.

शेवटी ती आमच्या घरी आली. आई ओटीवर सुपात तांदूळ पाखडत होती. रेखा तोवर परत येऊन आतल्या दाराआड उभी होती. मी अंगणात थांबले.

“आजी, पप्पा कशानं गेले?”

सूप चालतच राहिलं. कोंडा उडत होता, तांदूळ वर जाऊन परत येत होते. मग आई बोलायला लागली, सुपाकडं बघत. त्याच्या मनाला आजार झालता, म्हणाली. त्या आजारात त्यानं आपला जीव घेतला. इथं तिचा हात थांबला. तिचं पोर होतं ते. पहिल्यांदाच ती हे मोठ्यानं बोलत होती.

“तुझा काय दोष न्हाई,” आई म्हणाली. खूप वेळानं तांदळाला सांगावं तसं पुढचं बोलली. “आन तुझ्या मम्मीचाबी न्हाई.”

दाराआड रेखानं तोंडात पदर कोंबला होता. आईला ती तिथं आहे हे माहीत होतं का, मला आजही सांगता येत नाही. गौरी पुढं होऊन आजीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. दिवसाउजेडी, उघड्या ओटीवर, गाढ झोपली. त्या संध्याकाळी रेखानं मोरीच्या दाराची कडी लावली तेव्हा बाहेर पायरीवर कुणी नव्हतं.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण दुःखाला कापणीसारखा शेवटचा दिवस नसतो. रेखाचे पुढं पुष्कळ दिवस वाईट गेले. भाद्रपद आला की अजून जातात. आता ती सकाळीच सांगते, आज बरं वाटत न्हाई, आणि कुणीतरी लसूण सोलायला घेऊन येतं. ती गुलाबाच्या पॉलीहाऊसमध्ये कामाला जाते, दांड्या बांधते, हाताला काटे लागतात त्याचं तिला काही वाटत नाही. आई तिच्याशी बोलायला लागली, आधी मिठाबद्दल, मग म्हशीबद्दल, पुढं सगळ्याबद्दल. फक्त ते एक वाक्य तिनं रेखाच्या तोंडावर कधी म्हटलं नाही. सुपातल्या तांदळांना सांगितलं तेवढंच.

मंगल, चांगुणामावशी आणि रेखा आता असं काही घडलेल्या घरी जातात. पवनानगरच्या बाजूला गेल्या, वरच्या वाड्यांवर गेल्या. आधी माणसाबद्दल विचारतात, तो काय गायचा, काय खायचा, मग त्या घराला आपलं आपलं वाक्य बांधायला मदत करतात. प्रत्येक वेळी जमतंच असं नाही. एका घरी त्या महिनोन्‌महिने जात होत्या, तरीही तिथला थोरला पोरगा गेला. त्यानंतर चांगुणामावशी कितीतरी दिवस वाडीतून खाली उतरली नाही. मग मंगल आणि रेखाच वर गेल्या आणि तिच्या ओट्यावर बसून राहिल्या. आपण किती जणांना वाचवलं याचा हिशेब कुणी करत नाही. न घडलेल्या गोष्टी कुणाला मोजता येतात?

गौरी आता लोणावळ्याच्या कॉलेजात शिकते, माझ्याकडं राहते. कुणी विचारलं तर पप्पांनी आत्महत्या केली असं सरळ सांगते. आवाज खाली येतो तो ऐकणाऱ्याचा.

यंदाच्या कापणीला मी गेले तेव्हा आई खळ्याच्या कडेला घोंगडीवर बसली होती. तिचं वय झालंय. गेल्या वर्षापासून तिला गोष्टी आठवत नाहीत. मला कधी माझ्या मावशीच्या नावानं हाक मारते, जेवून उठली की जेवण कधी आहे विचारते. ऊन उतरत होतं, जीपमधून कंपनीतली माणसं घरी चालली होती. आईनं रस्त्याकडं बघितलं आणि विचारलं, “दत्ता कुटं हाय गं? शिफ्ट सुटली न्हाई का त्याची?”

माझ्या तोंडावर आलंच होतं की येईल, आई. म्हातारं माणूस, घटकेत विसरेल, कशाला दुखवा. पण रेखानं हातातली पेंढी खाली ठेवली, येऊन तिच्यासमोर बसली आणि तिचे दोन्ही हात हातात घेतले.

“ते गेले, आई,” ती म्हणाली. “लय वर्सं झाली.”

आईचा चेहरा हलला. “कशानं गेला?”

“त्यांच्या मनाला आजार झालता. त्यात त्यांनी आपला जीव घेतला. कुणाचा दोष न्हवता.”

आई बराच वेळ रेखाकडं बघत राहिली. ही कोण आहे, घरात कधी आली, हिला आपण काय बोललो होतो, यातलं काही तिला आठवत होतं असं वाटलं नाही. तिला समोर नवरा गेलेली एक बाई तेवढी दिसत होती. तिनं आपला सुरकुतलेला हात सोडवून घेतला आणि रेखाच्या गालावरून फिरवला.

“मग तुला लय तरास झाला आसंल, पोरी,” आई म्हणाली.

“व्हय, आई,” रेखा म्हणाली. “लय झाला.”